उंबऱ्याच्या बाहेर

“ते सगळं खरं, आबा. पण रडायचं कसं, ते सांगा ना.”

आबा घाडी वाटीत सफेता, तोंडाला लावायचा पांढरा रंग, कालवत होते. घट्ट वाटला तसा त्यांनी खोबरेल तेलाचा आणखी एक थेंब टाकला.

“कोणासाठी?”

“सिनेमासाठी.”

“कोण मेला सिनेमात?”

“नवरा. होडी घेऊन गेलेला परत येत नाही. मी दारात मासे साफ करत बसलेय. बातमी येते. हात थांबवायचे नाहीत, मासे साफ करतच राहायचं आणि... रडायचं.”

“मगे रड.”

“येत नाहीये, आबा!”

एवढ्या मोठ्याने ती बोलली की फणसाखाली उभ्या केलेल्या गाडीत झोपलेला ड्रायव्हर डोकं वर काढून बघू लागला.

आबांनी बोटाने सफेता घेऊन कपाळावर पहिली रेघ ओढली.

मालन पायरीवर बसली होती. आबांनी तिला आत ये म्हटलं नव्हतं. उंबऱ्याबाहेर गोणपाट टाकलं आणि म्हणाले होते, “बस थंयच.” मुंबईत ती नुसती उभी राहिली तरी चार माणसं खुर्ची आणायला धावत. सकाळपासून गाडीत बसून पाठ धरली होती, आणि इथे गोणपाट. तिला ते लागलं होतं. पण ती बसली.

अकरा वर्षं ती रोज संध्याकाळी साडेसातला लोकांच्या घरात रडत होती. पडद्यावर तिचं नाव मालविका. मालिकेत ती देवयानी, मोठ्या घराची मोठी सून. बाजारात गेली की सगळ्यांची वहिनी. मालन म्हणणारी दोनच माणसं उरली होती. त्यातलं एक आठ महिन्यांपूर्वी गेलं.

दुसरं हे समोर बसलं होतं, ऐंशी वर्षांचं, उघड्या अंगाने, तोंडाला रंग लावत.

आबांनी दशावतारात पन्नास वर्षं बायकांची कामं केली. राण्या केल्या, त्यांच्या सासवा केल्या, वनवासातल्या आया केल्या. मालनचे वडील पेटीवर त्यांच्या साथीला असत. तिचं वेड बघून आबांनीच तिला देवळामागच्या मांडवात तीन उन्हाळे शिकवलं होतं. उभं कसं राहायचं, नजर कुठे ठेवायची, बोलणं संपल्यावर काय करायचं.

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून सहा वर्षं आबा रंगमंचावर चढले नव्हते. तरी दर सोमवारी दुपारी ते ओट्यावर बसून पुरता चेहरा रंगवत. घटकाभर तसेच बसत. मग पुसून टाकत. कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, “हात इसरता.”

आज सोमवार होता.

“आईच्या घराची किल्ली तुमच्याकडेच आहे ना?” मालनने आल्या आल्या विचारलं होतं. आईचं घर मागच्याच आळीत. आठ महिने कुलूप होतं.

“मगे देतंय,” आबा म्हणाले होते.

आता त्यांनी ट्रंकेतून तळहाताएवढा आरसा काढला. एक कोपरा उडालेला.

“धर ह्यो. हात कापता माझो. माका दिसात असो धर.”

मालनने आरसा धरला. आबांनी दोन्ही गालांवर सफेता चोपडला आणि काजळाच्या डबीत काडी बुडवली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली.

“अगो बाय माझे! देवयानी वहिनी ती!”

शेजारच्या जनाकाकी केळीच्या पानावरून हात पुसत आल्या. त्यांनी मालनच्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली.

“किती रडतंस गो टीव्हीत! सासऱ्यान तुका घराभायर काढला ना, त्या रातीक मी जेवलंय नाय. माझो घोव म्हणता, अगो ता खोटा आसा. म्हटलं, तू गप ऱ्हव, तुका काय कळता!”

मालन हसली.

“एक फोटू काढू?”

मालनने मान जराशी वळवली. डावा गाल उजेडात आला, हनुवटी थोडी खाली गेली, ओठ ओळखीचं हसले. या सगळ्याला एक श्वास लागला नाही. फोटो निघाला. जनाकाकी तो बघत बघत, “चाय हाडतंय हां, जाव नको,” असं म्हणत परत गेल्या. त्या कुंपणापलीकडे जाईपर्यंत हसू मालनच्या ओठांवर तसंच होतं.

आबा काजळाची काडी हातात धरून थांबले होते.

“आरसो.”

“हो, हो. सॉरी.” तिने आरसा पुन्हा धरला.

“सांग. अडता खंय?”

“दिग्दर्शक पोरगा आहे, आबा. सत्तावीस वर्षांचा. एका सीनचे सतरा टेक घेतले माझे. सतरा! मी मालिकेत एका टेकमध्ये रडते. लोक म्हणतात, मालविकाला ग्लिसरीन लागतच नाही. आता लागतं, तो भाग वेगळा... आणि हा मला काय म्हणाला माहितीय? म्हणाला, मॅडम, तुम्ही फार छान रडता. मला छान नकोय.”

आबांच्या घशातून एक आवाज आला. हसू होतं की खोकला, कळलं नाही.

“हसा. मला रडायला येत नाही आणि तुम्ही हसा.”

“पुढे?”

“शेवटी म्हणाला, आठ दिवस घ्या. गुरुवारी परत करू. नाही जमलं तर...” ती थांबली. “दुसरीला बोलावून ठेवलंय. मला सांगितलं नाही, पण मला कळलं. अकरा वर्षांनी मला कुणी सिनेमात घेतलंय, आबा. मालिकेतून आलेल्या बाईला कोण घेतं? हे गेलं तर मी मरेपर्यंत देवयानी वहिनी.”

“वायट काय त्यात?”

“तुम्ही एकच राणी केलीत का जन्मभर?”

आबांनी डोळ्याला काजळ ओढलं.

कोकीळ दोनदा ओरडला.

“तुम्हीच शिकवलंत ना,” मालन म्हणाली, “बोलणं संपल्यावर लगेच चेहरा सोडू नको, म्हणून? मालिकेत तेच करतात. वाक्य संपलं की चेहरा धरायचा. कट म्हणेपर्यंत. मग समोरून एकदा, डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा. तिन्ही वेळा तोच चेहरा. मला ते फार चांगलं जमतं. एवढं चांगलं जमतं की...”

“की?”

आबा भुवई रंगवत होते. काडी कपाळावरून हळूहळू सरकत होती.

“आई गेली तेव्हा...” मालन म्हणाली. “तुम्ही होतात तिथे. अंगणात, तुळशीजवळ उभे होतात. मी बघितलं तुम्हाला.”

“होतंय मी थंय.”

“त्या दिवशी आमचं शूटिंग त्यातल्या त्यात जवळ होतं, रत्नागिरीला. फोन आला तशी सेटवरून निघाले. तशीच. साडी तीच, गळ्यात देवयानीचं मंगळसूत्र तसंच. चार तास गाडीत एक टिपूस आलं नाही. वाटलं, घरी पोचले की येईल.”

“आला?”

“आलं. सगळ्यांनी बघितलं.”

“मगे?”

मालनचा आवाज खाली गेला.

“मी दारात पोचले, आबा, आणि उंबऱ्यावर थांबले. कुणी थांबवलं नव्हतं. आई समोर सात-आठ पावलांवर होती. मी थांबले आणि... चेहरा धरला. आत मनात मोजलं, एक, दोन, तीन. मागच्या दाराकडून उजेड येत होता, तर मी डावा गाल तिकडे केला. मग डोळ्याला पाणी आलं, तर ते असं टिपलं...” तिने अनामिका डोळ्याखाली नेऊन दाखवली, अगदी अलगद. “काजळ पसरू नये म्हणून. आईच्या प्रेतासमोर, आबा. मागे कुणीतरी बाई हुंदका देऊन रडायला लागली. आणि मला वाटलं...”

“काय वाटला?”

“वाटलं, झालं. एका टेकमध्ये झालं.”

आबांची काडी थांबली. मग पुन्हा सरकू लागली.

“त्या दिवसापासून येत नाही. ग्लिसरीन घातलं की डोळ्यांतून पाणी येतं, पण ते... नळ सोडल्यासारखं. मी घरी एकटी असताना आईचा फोटो समोर ठेवून बसले. कितीतरी वेळा. काही नाही. पोटात दगड आहे आणि वर काही येत नाही.” तिने श्वास घेतला. “आणि तुम्ही. मी आत आले तशी तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत आणि फाटकातून निघून गेलात. एक शब्द बोलला नाहीत. स्मशानातही आला नाहीत. का गेलात, आबा?”

आबांनी कुंकवाची डबी उघडली. बोट बुडवलं. कपाळावर टेकवलं.

“झाला,” ते म्हणाले आणि चेहरा तिच्याकडे फिरवला.

मालन बघतच राहिली. डावी भुवई धनुष्यासारखी सुरेख होती. उजवी मात्र अर्ध्या वाटेवरून कपाळात चढली होती. कुंकू नाकाच्या रेषेत नव्हतंच, एका बाजूला गेलं होतं. पन्नास वर्षांत आबांचं कुंकू कुणी वाकडं बघितलं नव्हतं.

“आबा, कुंकू... वाकडं झालंय.”

“आरसो खंय होतो?”

तिने हाताकडे बघितलं.

आरसा तिच्याकडे वळला होता. त्यात तिचा डावा गाल होता, आणि एक डोळा. डोळा अगदी योग्य तेवढा ओला दिसत होता.

तिने आरसा पटकन आबांकडे फिरवला. मग त्याचा काही उपयोग नाही हे कळून तो मांडीवर ठेवला. आबांनी तो उचलला आणि ओट्यावर पालथा घातला.

“त्या दिवसा तोंडाक रंग होतो?” आबांनी विचारलं.

“म्हणजे मेकअप? होता. सांगितलं ना, सेटवरूनच...”

ती बोलता बोलता थांबली.

देवळामागचा मांडव तिला आठवला. ती चौदा वर्षांची होती. पहिल्यांदा आबांनी तिच्या तोंडाला रंग लावून दिला होता. तिला तो आईला दाखवायचा होता म्हणून ती तशीच घराकडे धावत सुटली होती. आबा, साडी कमरेला खोचून, अर्ध्या वाटेपर्यंत तिच्यामागे धावले होते आणि दंडाला धरून तिला परत आणलं होतं. त्यांच्या मंडळीत एक नेम होता. रंग असताना कुणी घराचा उंबरा ओलांडायचा नाही. घर जवळ असो, पाऊस असो, पोर आजारी असो. आधी विहिरीवर जायचं, तेल लावायचं, स्वतःच्या हाताने रंग काढायचा. मग घर.

“कशाला?” तिने तेव्हा रागाने विचारलं होतं.

आबा म्हणाले होते, “घरात कोण जातला? तू की राणी?”

त्या दिवशी तिने विहिरीवर तोंड धुतलं होतं. रडत रडत. नंतर कधीतरी हे सगळं विसरून गेली. मुंबईत रंग काढायला माणूस होता. तो कापूस घेऊन यायचा, ती डोळे मिटून फोनवर बोलत असायची.

“आबा...” ती म्हणाली.

आबांनी तेलाची वाटी तिच्यासमोर सरकवली. एक जुनं सुती फडकं तिच्या हातात दिलं.

मालनने फडकं तेलात बुडवलं आणि त्यांच्या कपाळाकडे हात नेला. ते वाकडं कुंकू आधी पुसावं म्हणून.

आबांनी तिचं मनगट धरलं.

“माझा नाय.”

तिला कळायला एक क्षण लागला. आजही ती पहाटे दोन तास आरशापुढे बसून निघाली होती. वाटेत लोक भेटतात, फोटो काढतात. तसंच तोंड कसं दाखवायचं?

तिने आरशाकडे बघितलं. तो पालथाच होता. आबांचा हात त्याच्यावर होता.

“आरशाशिवाय?”

“तोंड तुझाच मा?”

तिने फडकं गालाला लावलं.

आधी अलगद पुसत होती, बोटांच्या टोकांनी, कातडी ओढली जाऊ नये म्हणून. आबा बघत होते. मग जोर लागला. गालांचा रंग निघाला, ओठांचा निघाला. डोळ्यांभोवती तेल गेलं आणि चुरचुरलं. काजळ सगळीकडे पसरलं असणार, ते दिसत नव्हतं. चिकटवलेल्या पापण्या ओढल्या तशा दुखून निघाल्या. त्या तिने पायरीवर ठेवल्या. दोन मेलेल्या किड्यांसारख्या दिसत होत्या. फडकं आधी तपकिरी झालं, मग काळं. तिने ते उलटं केलं आणि पुन्हा पुसलं. मग उठून रांजणाजवळ गेली आणि ओंजळीने तोंडावर पाणी मारलं.

परत येऊन ती गोणपाटावर बसली. तोंड तिने पुसलं नाही. पाणी हनुवटीवरून गळत होतं. अंगावर वारा आला तेव्हा तिला तो गालाला लागला. किती वर्षांनी वारा गालाला लागला, तिला सांगता आलं नसतं.

“देवयानी वहिनी, ही घे गो चाय...”

जनाकाकी हातात दोन पेले घेऊन कुंपणाआडून आल्या आणि जागेवरच थांबल्या.

चहा हिंदकळून त्यांच्या बोटांवर सांडला. तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“काय झालं, काकी?”

जनाकाकींनी पेले ओट्याच्या कडेवर ठेवले. पदराने बोटं पुसली. त्यांचा मघाचा आवाज राहिला नव्हता.

“काय नाय गो... माका वाटला, सुभद्रा बसली हा.”

सुभद्रा हे मालनच्या आईचं नाव.

“ती अशीच बसायची ना,” जनाकाकी म्हणाल्या. “आंघोळ करून, तोंड न पुसता. ह्याच पायरीर. तुझी मालिका लागली की हय येवन बसायची.”

“इथे? आईकडे टीव्ही होता की. मीच घेऊन दिला होता.”

“होतो. लावायची पण. तू दिसलंस की बघायची. तू रडूक लागलंस की बंद करून हय येयची. म्हणायची, जना, ता खोटा रडणा, माका ठावक आसा. खरी रडताना तिचा नाक लाल जाता आणि ती खालचो ओठ चावता. ह्या तसा नाय. पण माका बघवत नाय गो. चेडू माझा रडता, आणि मी आवस हयसून काय करू?”

जनाकाकींनी पदर डोळ्यांना लावला. “आठ वाजेपर्यंत बसायची. मगे म्हणायची, झाला असात तिचा रडणा आता. आणि जायची.”

मालनने ऐकलं.

तिचा चेहरा काही करत नव्हता. तो नुसता होता.

मग नाक फुरफुरलं. खालचा ओठ दातांत गेला. घशातून एक आवाज आला, फाटलेला, बेसूर, दार करकरावं तसा. तिने तो दाबायला तोंडावर हात धरला, पण दुसरा आला, तिसरा आला. नाक गळायला लागलं. तिची अनामिका सवयीने डोळ्याखाली गेली... आणि तिथेच थांबली. मग तिने ओढणी घेऊन सगळं तोंड पुसलं, लहान पोरं पुसतात तसं, आडवं. ती गुडघ्यांत डोकं घालून रडली. उजेड कुठून येतो आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

जनाकाकी जवळ जायला निघाल्या. आबांनी हाताने थांबवलं. जनाकाकी मग पेले तिथेच ठेवून, डोळे पुसत, आल्या वाटेने गेल्या.

चहावर साय धरली...

बऱ्याच वेळाने हुंदके लांबले. मालनने डोकं वर केलं. डोळे सुजले होते, नाक लाल होतं. श्वास अजून अडखळत होता. आणि त्या अडखळत्या श्वासातच तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. पालथ्या आरशाकडे तिची नजर गेली.

“आबा... ह्या... ह्याच काय ता?”

पंचवीस वर्षांत ती गावच्या बोलीत बोलली नव्हती. तिचं तिलाही कळलं नाही.

“गुरवारी ह्या असाच येतला? मी काय करू, म्हणजे ह्या परत येयत? आबा, सांगा. ओठ... आधी ओठ चावलंय काय मी? की आधी...”

बोलता बोलता तिचा श्वास सरळ झाला. डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी थांबलं. तिलाही ते जाणवलं आणि ती घाबरली.

“गेला, आबा. बघा... गेला.”

आबा उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, भिंतीला धरून. त्यांच्या तोंडाला रंग अजून तसाच होता. एक भुवई सरळ, एक कपाळात चढलेली, कुंकू वाकडं. दारापाशी जाऊन ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही. बाहेरूनच हात लांब करून त्यांनी चौकटीच्या आतल्या खिळ्यावरची किल्ली काढली.

काळी पडलेली, लाल दोरा बांधलेली किल्ली. दोरा आईने बांधलेला होता.

त्यांनी ती मालनच्या ओल्या तळहातावर ठेवली. तिची बोटं एकेक करून मिटवली.

“पण गुरवारी, आबा...?”

“जा, चेडवा. आवस घरात आसा.”